उचलू नका, उतार बांधा

"तुम्ही या तर खरं, आम्ही उचलून वर घेऊ." पळसदेव, भिगवण, इंदापूर या पट्ट्यात कार्यक्रमाचं आमंत्रण मला बहुतेक वेळा याच वाक्यासकट मिळतं. बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. तरीही त्याला तोंडावर सांगतो, मला उचलू नका. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून कुबड्या आणि तीनचाकीवर मी आयुष्यभर हिंडलो, कुणाच्या खांद्यावर नाही. चारचौघांदेखत काखेत हात घालून मला पोत्यासारखं स्टेजवर ठेवायचं आणि लगेच माइकवरून माझ्या जिद्दीचं कौतुक करायचं, हा अपमान आहे. शाल पांघरली म्हणून तो सत्कार होत नाही.

बायकांचं तर कुणी बोलतच नाही. पायानं अधू असलेल्या बाईला चार परक्या पोरांनी उचलायचं? ती कशी येईल? ती घरी बसते, आणि आयोजक सांगत सुटतात, "बोलावलं होतं, पण त्या येतच नाहीत."

जुन्या इमारतीची अडचण मी समजू शकतो. दगडी पायऱ्या आजोबांच्या काळातल्या, फोडायला पैसा लागतो, परवानगी लागते. मांडवाला ही सबब नाही. मांडव आदल्या रात्री उभा राहतो. स्टेज किती उंच, पायऱ्या कुठल्या बाजूला, पाहुण्यांचा सोफा कुठं, हे सगळं त्या रात्री कुणीतरी मांडववाल्याला सांगतं. म्हणजे आम्हाला बाहेर ठेवायचं हे दर कार्यक्रमाला नव्यानं ठरतं. ठरवणारी माणसं आपलीच असतात.

आमचं जुनं पळसदेव गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं. धरणाचं पाणी खोल उतरलं की पळसनाथाचं जुनं मंदिर उघडं पडतं आणि बघायला लोक लोटतात. त्या गाळातून माझी तीनचाकी जात नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, गाळ पाण्यानं आणलाय. चार फुटी स्टेज पाण्यानं आणलेलं नाही.

एका वाटपाच्या कार्यक्रमाला मी हजर होतो. वाटप तीनचाकी सायकलींचं. लाभार्थी खाली उन्हात, पाहुणे वर सावलीत. नाव पुकारलं की लाभार्थ्याचा भाऊ नाहीतर बाप वर जायचा, फोटो काढून घ्यायचा आणि खाली यायचा. ज्यांच्या नावानं मांडव घातला, त्यातला एकही जण वर गेला नाही. एकाही पाहुण्याला खाली उतरावंसं वाटलं नाही. स्वच्छतागृहाला तीन पायऱ्या होत्या. आमच्यातले बरेच जण अशा दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत.

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. त्यातल्या सार्वजनिक सुविधांच्या व्याख्येत धार्मिक, सांस्कृतिक आणि करमणुकीच्या गोष्टीही येतात. कायदा मोडला तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि पुढं पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड आहे. राजीव रतुरी या दृष्टिहीन माणसानं सार्वजनिक ठिकाणी सहज वावरता यावं म्हणून २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयानं या कायद्याखालच्या नियमावलीतला १५ (१) हा नियमच कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यात नुसत्या शिफारशी होत्या, सक्ती नव्हती. एकोणीस वर्षं गेली त्यात.

आणि जमत नाही म्हणता? ७ मे २०२४ ला आमच्या बारामती लोकसभेचं मतदान झालं. त्या निवडणुकीत मतदान केंद्राला उतार हवा, व्हीलचेअर हवी, अशा सूचना होत्या. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर घरी येऊन मत घ्यायची सोय होती. मत हवं होतं तेव्हा आमचं दार सापडलं. त्याच गावांत ग्रामसभा मात्र पायऱ्या चढून जावं लागेल अशा ठिकाणी भरते. तिथं बहिऱ्या माणसासाठी विषय फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायला खडूचा एक तुकडा लागतो. तेवढंही होत नाही. आंधळ्या माणसाला कोण बोलतंय ते कळावं म्हणून बोलणाऱ्यानं आधी आपलं नाव सांगावं, याला तर खडूही लागत नाही.

पैशाचं रडगाणं मला ऐकवू नका. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. ग्रामसभेत विचारा, ते कशावर गेले. सुट्या भागांचा, उचलून नेता येईल असा एक लोखंडी उतार एकदा करून ठेवला तर गावातल्या यात्रेला, जयंतीला, गणपतीला, कीर्तनाला तोच चालेल. मनात असलं की होतं; पुढारी येणार असला की रस्त्यावरचे खड्डे रातोरात बुजतात, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

हिशेब सोपा आहे. एक फूट उंचीला बारा फूट उतार. दोन फुटी स्टेजला चोवीस फूट. चार फुटी स्टेजला अठ्ठेचाळीस फूट उतार लागेल, तेव्हा आधी स्टेजच खाली आणा, दोन फुटांवर उभा राहिलेला पुढारीही मागच्या रांगेतून दिसतो. उताराला दोन्ही बाजूंनी धरायला कठडा हवा. तीनचाकी उभी करायला पुढच्या रांगेत चार खुर्च्यांची जागा मोकळी सोडा, आम्हाला कडेला खांबामागं बसवू नका. आणि प्रमुख पाहुण्यांनी निमंत्रण घेतानाच विचारावं, उतार आहे का. नसेल तर त्यांनी त्या स्टेजवर पाऊल ठेवू नये. वर्गणी मागायला मंडळाची पोरं माझ्या दारात येतील तेव्हा मीही पावती फाडण्याआधी हेच विचारणार आहे.