बोट लागते तेव्हा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुंबईहून गोव्याला जहाजाने गेलो. संध्याकाळी निघायचे, रात्र जहाजावर काढायची आणि सकाळी मुरगाव बंदरात उतरायचे, असा बेत होता. माझे मिस्टर, दोन मुले, मी आणि सासूबाई. सासूबाईंना आम्ही सगळे अम्मी म्हणतो. त्यांचे वय बासष्ट. लहानपणी दर्याकाठी वाढल्या, पण मोठ्या जहाजात बसण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. मिस्टरांनी हौसेने जास्त पैसे भरून सगळ्यात वरच्या मजल्यावरची, अगदी पुढची केबिन घेतली. समुद्र छान दिसेल म्हणून.

असरनंतर जहाज सुटले. मुले खूश, अम्मी खूश. इशाच्या सुमारास जहाज पुढे-मागे झुलू लागले. थोरला मुलगा केबिनमध्ये मोबाईलवर खेळत होता, तो एकाएकी पांढराफटक पडला आणि न्हाणीघराकडे धावला. मी त्याच्यात गुंतले. अम्मी जेवायच्या टेबलावर होत्या. त्यांनी रोजच्यासारखी शुगरची गोळी घेतली, दोन घास बिर्याणी खाल्ली आणि ताट सरकवले. मी विचारले तर म्हणाल्या, "काही नाही गं, भूक नाही." नंतर त्यांना दोनदा उलटी झाली, तेही त्यांनी सांगितले नाही. लेकराने एवढा खर्च केला, त्याचा विरस कशाला करायचा!

रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली. अम्मी घामाने भिजल्या होत्या. हात थरथरत होते. मी म्हटले, बोट लागली आहे, पडून राहा. पण त्या काहीतरी असंबद्ध बोलत होत्या. मला माझ्या शाळेतील एका सहकारी बाईंची आठवण झाली, त्याही शुगर उतरली की अशाच बोलतात. शुगर तपासायचे मशीन बॅगेत होते. आकडा आला 52.

अम्मी शुद्धीवर होत्या, गिळू शकत होत्या. तीन चमचे साखर अर्धा ग्लास पाण्यात विरघळवून घोटघोट पाजली. मिस्टरांनी जहाजाच्या डॉक्टरांना बोलावले. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले तेव्हा आकडा वर सरकला होता. डॉक्टरांनी उलटी थांबण्याचे इंजेक्शन दिले आणि सकाळपर्यंत शुगर पुन्हा पुन्हा तपासायला सांगितले, कारण काही गोळ्यांचा असर कितीतरी तास टिकतो. अल्हम्दुलिल्लाह, फजरपर्यंत अम्मी सावरल्या. पण मी मात्र त्या रात्रीनंतर या विषयाच्या मागे लागले.

भगिनींनो, मी भाषा शिकवते, विज्ञान माझा विषय नाही. तरी शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून आणि आमच्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते तुमच्यापुढे ठेवते.

आपल्या कानाच्या आत तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात. त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. डोके हलले की द्रव हलतो आणि मेंदूला कळते की आपण हललो. जहाजाच्या केबिनमध्ये बसलो की डोळे सांगतात, भिंत स्थिर आहे, पलंग स्थिर आहे. कान सांगतात, आपण झुलतो आहोत. दोन साक्षीदारांच्या साक्षी जुळत नाहीत आणि मेंदू गोंधळतो. आधी जांभया, तोंडाला पाणी सुटणे, थंड घाम, मग मळमळ आणि उलटी. म्हणजे हा मनाचा खेळ नाही आणि कमजोरीही नाही. इंग्रजांचा नामांकित दर्यावर्दी नेल्सन याला आयुष्यभर बोट लागत असे. माझे नाना जहाजावर खलाशी होते. सुट्टी संपवून परत जहाजावर चढले की पहिला दिवस त्यांनाही जड जाई.

दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त, आणि गरोदरपणात किंवा अर्धशिशी असेल तर आणखी जास्त. दोन-तीन दिवसांत शरीराला बहुधा सवय होते. पण आपली सहल एका रात्रीची असेल तर सवय होईपर्यंत बंदर येते! म्हणून तयारी आधीच हवी.

पहिली गोष्ट जागेची. शाळेच्या मैदानावरचा सी-सॉ आठवा. टोकाला बसलेले मूल सर्वांत वर-खाली होते, मधला माणूस जवळजवळ जागच्या जागी असतो. जहाजाचेही तसेच आहे. मधोमध आणि खालच्या मजल्यावरची केबिन सर्वांत कमी हलते. आम्ही जास्त पैसे देऊन नेमके उलटे केले! मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखासारखी यंत्रे असतात. त्यांनी डावी-उजवीकडचे डोलणे कमी होते, पुढे-मागे झुलणे मात्र थांबत नाही.

दुसरी गोष्ट, मळमळ सुरू होताच मोकळ्या हवेत यावे आणि दूर क्षितिजाकडे पाहत राहावे. मग डोळे आणि कान एकच साक्ष देतात. मोबाईल आणि पुस्तक बंद. डेकवर जाता येत नसेल तर डोळे मिटून उताणे पडावे आणि डोके हलवू नये. नमाजला उभे राहिल्यावर चक्कर येत असेल तर बसून नमाज पढण्याची सवलत दीनने दिली आहे. अम्मी उभे राहण्याचा हट्ट करत होत्या.

तिसरी गोष्ट खाण्याची. उपाशीपोटी चढू नये आणि तुडुंब जेवूनही नाही. टोस्ट, केळे, दहीभात असे हलके खावे. तळलेले, तिखट आणि उग्र वासाचे टाळावे. माझी नानी जहाजाने हजला गेली होती. मुंबईहून जेद्दाला हाजींची जहाजे 1995 पर्यंत जात असत. तिच्या पेटीत सुके आले आणि लिंबू असायचेच. आल्याने काहींना बरे वाटते, सर्वांना गुण येतोच असे नाही. पण करून पाहायला हरकत नाही.

चौथी गोष्ट औषधाची, आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात. प्रोमेथाझिन, डायमेनहायड्रिनेट, सिनारिझिन ही यावरची नेहमीची औषधे. ती उलटी सुरू झाल्यावर घेण्याची नाहीत, कारण गोळी पोटात टिकतच नाही. प्रवासाच्या अर्धा ते दोन तास आधी, ज्या त्या औषधाप्रमाणे, घ्यावी लागतात. त्यांनी झोप येते, म्हणून उतरल्यावर लगेच गाडी चालवू नये. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन कधीही देऊ नये, त्याचा श्वास मंदावू शकतो. मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलांना देण्याची आपली सवयही सोडायला हवी. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी, कंपवात असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काही घेऊ नये. जुलाब-उलटीसाठी घरात ठेवलेले ऑन्डान्सेट्रॉन बोट लागण्यावर फारसे उपयोगी पडत नाही, हेही लक्षात असू द्या.

उलट्या होऊ लागल्या तर ओआरएसचे पाणी घोटघोट देत राहावे. पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल, उलटीत रक्त दिसले किंवा माणूस सुस्त पडला, तर जहाजाच्या डॉक्टरांना ताबडतोब बोलवावे.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यासाठी मी हे सारे लिहिले. घरात कोणी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा, उलटी झाली, जेवण गेले नाही, तर डोसचे काय करायचे? शुगर तपासायचे मशीन आणि साखर हाताशी ठेवा, सामानाच्या तळाशी नको. घाम आणि फिकटपणा बोट लागल्यावरही येतो आणि शुगर उतरल्यावरही येतो. पण हात थरथरणे, असंबद्ध बोलणे दिसले तर आधी शुगर तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, डॉक्टरांना बोलवा.

परतीचा प्रवास आम्ही रेल्वेने केला. गाडीत अम्मी म्हणाल्या, "मी रात्री आधीच बोलायला हवे होते." मी म्हटले, "अम्मी, मी आधीच नीट विचारायला हवे होते." घरातली वडीलधारी माणसे आपल्या आनंदासाठी आपला त्रास गिळतात. "काही नाही गं" हे त्यांचे उत्तर ऐकून उठून जाऊ नका. जवळ बसा, हात हातात घ्या आणि पुन्हा एकदा विचारा.