शह म्हणजे मात नव्हे

‘अमक्याने तमक्याला शह दिला’ असे वाक्य वर्तमानपत्रात वाचले, की वाचणारा समजतो, तमका हरला. बुद्धिबळाच्या पटावर मात्र शहाचा अर्थ इतका मोठा नाही. फारसीतील ‘शाह’ म्हणजे राजा. त्यावरून हा शब्द आला. ‘राजा सांभाळा’ एवढीच ती सूचना होय. ती मिळालेला खेळाडू राजा हलवितो, मध्ये एखादे मोहरे घालतो किंवा शह देणारे मोहरेच मारतो. या तिन्हींपैकी एकही उपाय उरला नाही, तरच मात.

हा भेद न जाणणारा नवशिका शह दिसला की तो देऊन मोकळा होतो. समोरचा राजा एक घर सरकतो, तो अधिक सुरक्षित होतो आणि शह देणारा वजीर भलत्याच कोपऱ्यात अडकतो. असा शह देण्यापेक्षा न देणे शहाणपणाचे. शहाबरोबर दुसरे काही साधत असेल, तरच त्याला किंमत. घोडा याबाबतीत मोठा लबाड! तो अडीच घरांची उडी घेऊन असा बसतो, की एकीकडे राजाला शह आणि दुसरीकडे हत्तीवर मारा. घोड्याच्या शहाला आड काही घालता येत नाही. तो घोडा मारता आला नाही, तर राजा हलवावाच लागतो आणि हत्ती फुकट जातो. उंटाची रीत निराळी. त्याच्या तिरप्या रेषेत शत्रूचा घोडा आणि त्यामागे राजा आला, की तो घोडा जागीच जखडतो. हलला तर राजा उघडा पडेल!

चार चालींत मात करण्याची युक्ती मुले फार लवकर शिकतात. राजाच्या उंटापुढील प्याद्याला आरंभी एकट्या राजाचाच आधार असतो. त्यावर वजीर व उंट यांचा मारा धरावयाचा, एवढेच तिचे मर्म. पण प्रतिपक्षाने घोडा काढून मधले प्यादे राखले आणि मग दुसऱ्या घोड्यापुढील प्यादे एक घर सारले, की वजिरालाच पळ काढावा लागतो. असल्या युक्तीवर विसंबणारा मुलगा पाचव्या चालीला गोंधळतो. मीर सुलतान खान भारतीय पद्धतीच्या खेळात वाढले. तीत प्यादे आरंभीही एकच घर चाले. त्यामुळे नव्या पद्धतीतील आरंभीच्या चालींचे पुस्तकी ज्ञान त्यांना बेताचेच होते. तरीही १९२९, १९३२ व १९३३ या वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद त्यांनीच मिळविले. पुढचा डाव त्यांना खेळता येत होता.

डावाच्या अखेरीसही घाई नडते. प्रतिपक्षाचा एकटा राजा उरला आहे, आपल्याजवळ वजीर आहे. अशा वेळी न पाहता केलेल्या एका चालीने त्या राजाला शह तर बसत नाही, पण हलावयास घरही उरत नाही. नियमाने तो डाव बरोबरीत सुटतो.