बंद दाराआडचे सोंग

गणपतीतली पाचवी रात्र. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावच्या घरात पडवीवर थोरल्यांचा रमीचा डाव बसला होता. पैसे लावून, अर्थातच. देवाच्या जागरणाला बिनपैशाचा डाव म्हणजे बिनमिठाची आमटी, असे आमच्याकडे मानतात. आत माजघरात पुण्याहून आलेला भाचा आणि त्याचे तीन मित्र दार लोटून बसले होते. पुढ्यात कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा एक फासा. मधूनच भाच्याचा आवाज यायचा : ‘‘दरीच्या तळाशी मशाली दिसतायत. आता तुम्ही काय करणार?’’ मग शांतता, मग कुजबुज, मग फासा घरंगळल्याचा आवाज, आणि एकदम आरडाओरडा.

आत्या पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली आणि चेहरा पाडून बाहेर आली. ‘‘पोरं आत काहीतरी राक्षसाबिक्षसाचं बोलतायत रे. आणि हातात फासे आहेत. जुगार तर नव्हे ना?’’ प्रश्न पडवीला विचारला होता, आणि गुडघ्याखाली नोटा दाबून बसलेली पडवी खरोखरच चिंतेत पडली.

आत चालले होते ते ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ छापून विकायला काढला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण कथा सांगतो, जग उभे करतो, राक्षस आणि राजे त्याच्याच तोंडून बोलतात. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचे : कोणी चोर, कोणी मांत्रिक, कोणी बुटका लोहार. आपल्या पात्राने काय करायचे ते ज्याचे त्याने बोलून सांगायचे. ते जमते की फसते, याचा निवाडा फासा करतो. लिहिलेले संवाद नाहीत, प्रेक्षक नाहीत, शेवटी कोणी जिंकत नाही की हरत नाही. पैसा तर नाहीच.

परके वाटते ना? पण रत्नागिरी जिल्ह्याला याहून ओळखीची दुसरी गोष्ट नाही. राजापूर तालुक्यातल्या आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळ्यांनी अठराव्या शतकात दशावतार कोकणात आणला, असे परंपरा सांगते. मूळ कोठले, कोणी आणले, यावर अभ्यासकांची भांडणे चालू राहोत. दशावताराची बैठक कशी असते ते पाहण्यासारखे आहे. खेळाआधी नट एकत्र बसतात, त्या रात्रीचे आख्यान ठरते, कोण कोणते सोंग घेणार ते ठरते. संहिता नसते. राजा प्रधानाला काय बोलेल ते राजाला बोलेपर्यंत ठाऊक नसते, आणि प्रधानाने दिलेला टोला जागच्या जागी परतवावा लागतो. नाईक गातो, कथा पुढे ढकलतो, रेंगाळली तर आवरतो. भाच्याच्या खेळात कथा सांगणाऱ्याला इंग्रजीत मोठे भारदस्त नाव आहे. आपल्याकडे त्या माणसाला नाईक किंवा सूत्रधार म्हणत आले आहेत. फासा तेवढा नवा.

नमन-खेळ्यांचे तर नावच ‘खेळे’. शिमग्यात घरोघर फिरणारा काळ्या झग्यातला, उंच टोपीचा, कमरेला घुंगरे बांधलेला संकासूर हा वेद चोरणारा दैत्य. त्याला पाहून लहान मुले पळतात आणि थोरली माणसे हात जोडतात. गोमू म्हणून नाचणारा कालपर्यंत कोणाच्या तरी शेतात भात झोडपत होता, हे सगळ्या वाडीला माहीत असते. तरी कोणी त्याला वेडा म्हणत नाही. मग त्याच वाडीतली आत्या माजघरातल्या चार पोरांना का घाबरते?

आधी भाषेकडे पाहू. मराठीत ‘सोंग’ म्हणजे रंगमंचावरचे रूप आणि ‘सोंग’ म्हणजे लबाडीही. ‘नाटके करू नकोस’ हे आपण रडणाऱ्या पोराला सांगतो. नाटकी, सोंगाड्या, बहुरूपी, खेळ मांडणे, डाव साधणे, तमाशा करणे. दुसऱ्याचे रूप घेण्याच्या कलेसाठी आपल्याकडे जेवढे शब्द आहेत, त्यातले बहुतेक शिवी म्हणूनही चालतात. हा संशय आजचा नव्हे. मनुस्मृतीने नटाघरचे अन्न वर्ज्य ठरवले आणि कुशीलवाची, म्हणजे नटाची, साक्ष ग्राह्य धरू नये असेही सांगितले. जो रोज दुसऱ्याच्या तोंडचे बोलतो त्याचे स्वतःचे बोलणे कोणते, ही ती शंका. खुद्द नाट्यशास्त्राची गंमत पाहा. पहिल्या अध्यायात देव ब्रह्मदेवाकडे एक खेळणे मागतात, पाहता येईल आणि ऐकताही येईल असे, आणि त्यातून नाट्य जन्मते. शेवटाकडे याल तर ऋषींची टवाळी केली म्हणून भरताच्या मुलांना हीन होण्याचा शाप मिळालेला असतो. खेळणे देवांचे, शाप खेळणाऱ्यांना.

एकोणिसाव्या शतकात हाच वाद नव्या कपड्यांत आला. गणपतीपुळ्याजवळच्या कोतवड्याहून देशावर गेलेल्या पटवर्धनांच्या सांगली संस्थानात चिंतामणराव अप्पासाहेबांनी कर्नाटकातल्या कर्कीच्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले आणि पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसे काही करायला सांगितले. ५ नोव्हेंबर १८४३ चे ‘सीतास्वयंवर’ ते हेच. तिथेही सूत्रधार पद म्हणायचा आणि नट भाषणे उत्स्फूर्त करायचे. राक्षसपार्टी ‘अलल् डुर्र’ अशी आरोळी ठोकत रंगमंचावर उतरायची. पुढच्या शिकलेल्या पिढीने या खेळांना अललडुर्र, तागडथोम अशी नावे ठेवून ते हसण्यावारी नेले. आज तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो, भाषणे करतो, नटराजाला हार घालतो. अललडुर्रचा उल्लेख भाषणात सहसा नसतो.

छापील अद्‌भुताचेही तेच झाले. ‘मुक्तामाला’ १८६१ ची, ‘मंजुघोषा’ १८६८ ची. विमाने, राक्षस, हरवलेल्या राजकन्या. नंतरच्या टीकाकारांनी या कादंबऱ्यांना पोरकट ठरवले. पण ‘मंजुघोषा’चे कर्ते नारो सदाशिव रिसबूड यांनी प्रस्तावनेत दिलेले कारण मला फार प्रामाणिक वाटते : आपल्या रोजच्या जगण्यात, आपल्या लग्नांच्या रीतीत, मनोरंजक म्हणावे असे गुणही नाहीत आणि दोषही नाहीत, तेच लिहिले तर वाचणार कोण, म्हणून अद्‌भुताकडे वळणे भाग आहे. दीडशे वर्षांपूर्वी एका मराठी लेखकाने आपल्या समाजाविषयी केलेली ही तक्रार आहे, आणि तिचा रोख राक्षसांवर नाही. कंप्युटरपुढे बारा तास बसणाऱ्या आजच्या पोराला रविवारी संध्याकाळी मांत्रिक का व्हावेसे वाटते, याचे याहून नेमके उत्तर मी कुठे वाचलेले नाही.

एका बाबतीत मात्र इंग्रज सरकार आपल्यापेक्षा शहाणे होते. त्याला सोंगाची भीती वाटत होती ती सोंग खोटे म्हणून नव्हे. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा त्याने केला, आणि १९०७ साली रंगमंचावर आलेल्या खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये बंदी घातली, कारण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसतो हे त्याने ओळखले होते.

आता समुद्रापलीकडे. १९७९ च्या ऑगस्टमध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातला सोळा वर्षांचा एक अत्यंत हुशार विद्यार्थी नाहीसा झाला. शोधायला आलेल्या खासगी गुप्तहेराने अंदाज बांधला की विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत तो हा खेळ खेळताना हरवला असावा. वर्तमानपत्रांना एवढे पुरले. मुलगा महिन्याभराने दूर लुइझियानात सापडला आणि पुढच्या वर्षी त्याने जीव दिला. एकटेपणा, घरून असलेले अभ्यासाचे ओझे, खचलेले मन, ही त्याची खरी दुखणी होती. ती त्या गुप्तहेराने पुस्तकात सांगितली १९८४ मध्ये. तोवर या प्रकरणावर कादंबरी निघाली होती आणि १९८२ मध्ये टॉम हँक्सला घेऊन दूरचित्रवाणीवर चित्रपटही. त्याच वर्षी व्हर्जिनियातल्या पॅट्रिशिया पुलिंग यांच्या मुलाने आत्महत्या केली. त्यांनी दोष खेळाला दिला, १९८३ मध्ये खेळाविरुद्ध संघटना काढली, आणि सैतानपूजेचा आरोप गावोगावच्या चर्चमधून फिरू लागला. मुलगा गमावलेल्या आईवर मी रागावू शकत नाही. ज्यांनी पडताळा न घेता ते छापले त्यांच्यावर रागावू शकतो. आत्महत्यांचा अभ्यास करणाऱ्यांना खेळाशी कार्यकारणाचा दुवा सापडला नाही. पण तो निष्कर्ष आणि ती बातमी यांचा टाइप एका आकाराचा नव्हता.

आपण हसायचे कारण नाही. २०१७ च्या जुलैत अंधेरीत एका शाळकरी मुलाचा मृत्यू झाला आणि ‘ब्लू व्हेल’ नावाच्या खेळाने देश हादरला. शाळांनी परिपत्रके काढली, आईबापांनी मोबाइल काढून घेतले. २०१८ च्या जानेवारीत तेव्हाचे चंद्रपूरचे खासदार आणि गृह राज्यमंत्री हंसराज अहिर यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिले की तपासलेल्या एकाही प्रकरणात या खेळाचा हात सिद्ध झालेला नाही. ते उत्तर कोणत्या शाळेच्या फलकावर लागलेले मी पाहिले नाही. २०१९ च्या मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी ‘पबजी’ खेळणाऱ्या तरुणांना अटक केली. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने त्यावर बंदी आणली ती मुलांच्या काळजीने नव्हे; चीनशी तणाव होता आणि सुरक्षेच्या कारणावरून बंद केलेल्या ११८ ॲपांत तेही एक होते.

या सगळ्यात मला एक धागा दिसतो, आणि तो राक्षसांचा नाही. संकासूर दैत्यच आहे, त्याला आपण दारात उभे करतो. फाशांचाही नाही. सावंतवाडीची, म्हणजे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच असलेल्या मुलखाची, दशावतारी गंजिफा घ्या : दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, एकूण १२० गोल पाने, दिवसा रामाने आणि रात्री कृष्णाने डाव उघडायचा. देवांनाच आपण पत्त्यांत बसवले. आपली हरकत सोंगाला कधीच नव्हती. आपली अट होती की सोंगाला जामीन हवा. शिमग्याला तिथीचा जामीन असतो, दशावताराला देवळाचा, नाटकाला तिकिटाचा, रमीला गणपतीचा. शिवाय सगळे पाहत असतात. नट राजा झाला तरी सकाळी डोक्यावर बोजा घेऊन पुढच्या गावाला चालू लागेल याची खात्री गावाला असते. बिनप्रेक्षकांचे सोंग आपल्याला झेपत नाही. देव नाही, तिथी नाही, बिदागी नाही, दार लोटलेले आणि आत चार शहाणी पोरे दुसऱ्याच कोणाच्या आवाजात बोलतायत. त्यातून काही मिळवायचे नाही म्हणतात, मग करतात कशाला? अमेरिकेतल्या पालकांचा प्रश्न तोच होता. त्यांनी ‘सैतान’ म्हटले, आत्या ‘राक्षसाबिक्षसाचं’ म्हणाली.

पोरांच्या या कलंकाचे वजन मात्र बेताने तोलावे. ‘एवढा घोडा झाला तरी खेळतोय’ असे चारचौघांत ऐकून घ्यावे लागणे, मुलगी पाहायला गेल्यावर छंद विचारला तर ‘वाचन’ म्हणून वेळ मारून नेणे, एवढ्यावर त्यांचे भागते. सोंगावर पोट असणाऱ्यांचे भागत नाही. पोलीस, फकीर, हनुमान होऊन दारोदार फिरणारा बहुरूपी महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहे, आणि अनोळखी वेशाची भीती काय करू शकते ते १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्यांच्याकडून कधीकाळी याच महाराष्ट्राने डमरूवर कथा ऐकल्या होत्या.

त्या रात्री मी उठून माजघराचे दार उघडले आणि उघडेच ठेवले. मुलांनी हरकत घेतली नाही. थोड्या वेळाने आत्या उंबऱ्यावर येऊन बसली. बराच वेळ ऐकून झाल्यावर तिने भाच्याला विचारले, ‘‘तो लोहार पुलावरनं का जातोय? खालनं ओढ्यातनं गेला तर दिसणार नाही कोणाला.’’ मुले एकमेकांकडे बघत राहिली. त्यांनी ऐकले नाही, लोहार पुलावरूनच गेला.

पहाटे हिशेब झाला. पडवीवरच्या डावात माझे तीनशे गेले होते. आतल्या डावात एक बुटका लोहार मेला होता, आणि चौघे जण समोरचे पोहे न खाता हळहळत बसले होते. आत्या म्हणाली, ‘‘मी सांगितलं होतं.’’