डाख देणाऱ्या हाताचा हक्क

विकत घेतलेली वस्तू कोणाची, हा प्रश्न वरवर पाहता बाळबोध वाटतो. ज्याने दाम मोजला त्याची, असे उत्तर भांडवली कायद्यानेच देऊन ठेवले आहे. परंतु आज उत्पादकांनाच ते उत्तर गैरसोयीचे झाले आहे. गेम कन्सोलचा इतिहास हा त्याचा बोलका दाखला होय.

1985 साली निन्टेन्डोने अमेरिकेत आणलेल्या यंत्रात कुलपासारखी एक चिप होती. कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार चिप न आढळल्यास यंत्र पुनःपुन्हा रीसेट होई. परवान्यावाचून कोणी खेळ बनवू नये, हा त्यामागील हेतू. आतील जोडणी झिजली की अस्सल कार्ट्रिजचीही तीच गत होते. त्या चिपचा एक पाय तोडून जुनी यंत्रे चालती ठेवण्याचे काम कारागिरांनी केले.

सोनीच्या प्लेस्टेशनने जगाच्या बाजारपेठांची वाटणी केली. जपानात रीतसर घेतलेली डिस्क ऑस्ट्रेलियातील यंत्रावर चालत नसे. हा अडसर दूर करणाऱ्या चिप बसवून देणाऱ्या एडी स्टीव्हन्स यांच्यावर सोनीने दावा लावला. 2005 साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने स्टीव्हन्स यांच्या बाजूने निर्णय दिला. पुढे अमेरिकेशी झालेल्या मुक्त व्यापार करारापायी 2006 साली कायदा कडक करण्यात आला. तथापि निव्वळ बाजारपेठा विभागणारी कुलपे संसदेला त्या संरक्षणाबाहेर ठेवावी लागली.

अशा चिपमुळे चोरट्या प्रतीही चालतात, हा आक्षेप खोटा नाही. खेळ रचणारे प्रोग्रॅमर हेही श्रमिकच आहेत. त्यांच्या श्रमाची लूट समाजवाद्यांना मान्य होणार नाही. म्हणून शिक्षा चोरट्या प्रती विकणाऱ्याला व्हावी, डाख देणाऱ्या हाताला नव्हे.

एक्सबॉक्स 360 मधील डिस्क ड्राइव्ह मदरबोर्डशी गुप्त किल्लीने बांधलेला असतो. त्यातील सर्किट बोर्ड बिघडला की ती किल्ली नव्या बोर्डात फ्लॅश केल्याखेरीज खेळ चालत नाही. अमेरिकेच्या 1998 च्या कायद्यातून अशा दुरुस्तीला 2021 साली सूट मिळाली. पण कुलूप उघडण्याची साधने विकण्यावरील बंदी कायम राहिली. शस्त्रक्रियेला परवानगी, सुरी विकण्यास मनाई, असा हा न्याय! कॅलिफोर्निया व मिनेसोटा राज्यांनी 2023 साली दुरुस्तीच्या हक्काचे कायदे केले, तेही गेम कन्सोल वगळून.

भारतीय कॉपीराइट कायद्याच्या 2012 सालच्या कलम 65-अ नुसार कुलूप तोडण्यामागे हक्कभंगाचा हेतू असेल तरच गुन्हा ठरतो. ही तरतूद अधिक शहाणपणाची आहे आणि व्यापार करारांच्या दडपणाखाली ती बळी जाऊ देता कामा नये. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने 2022 साली समिती नेमली, पोर्टल उघडले. परंतु पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. सुटे भाग, सर्किटचे आराखडे आणि फ्लॅशिंगची साधने लॅमिंग्टन रोडवरील कारागिराला वाजवी दरात मिळाली पाहिजेत. ही मागणी ग्राहक चळवळीवर सोपवून चालणार नाही. कामगार चळवळीने ती आपली मानली पाहिजे. यंत्र उघडण्याचा हक्क गमावलेला समाज यंत्राचा मालक राहत नाही, त्याचा भाडेकरू होतो.