प्रयोगवहीतील जमा आणि नावे

शैक्षणिक कर्जातून विद्यार्थ्याचे शुल्क भरले जाते, वसतिगृहाची सोय होते. परंतु प्रयोग फसल्यावर त्याच्या शेजारी बसणारा माणूस कर्जातून मिळत नाही. जबलपूरच्या विज्ञान प्रदर्शनांतील सौरचुली आणि पवनचक्क्यांच्या प्रतिकृती पाहताना ही उणीव मला प्रकर्षाने जाणवते. बक्षीस समारंभानंतर त्या माळ्यावर जातात. (आमच्याही माळ्यावर एक आहे.)

हिवाळ्यात या शहरात मटारचे ढीग लागतात. सोलल्यावर जवळजवळ निम्मे वजन टरफलांचे. त्यांपासून बायोगॅस करण्याची कल्पना कोणाही हुशार विद्यार्थ्यास सुचेल. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी खरकट्या अन्नावर चालणारे घरगुती संयंत्र विकसित केले. त्यास २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. म्हणजे वाट आहे. अडचण पुढेच आहे. मटारचा हंगाम थंडीचा, आणि मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीव थंडीत मंदावतात. शिवाय तंतुमय टरफल शिळ्या भातासारखे चटकन कुजत नाही. येथे मार्गदर्शकाने उत्तर सांगण्याची घाई करू नये. टरफले किती, पाणी किती, पहाटेचे तापमान किती, गॅस किती, हे रोज लिहावयास लावावे. या वायूतील हायड्रोजन सल्फाइड गंजलेल्या लोखंडी किसात शोषला जातो. आणि लोखंडाच्या किसाविषयी १९०४ साली स्थापन झालेल्या येथील गन कॅरेज फॅक्टरीतील निवृत्त कारागिराहून अधिक कोण जाणतो? मार्गदर्शकास डॉक्टरेट हवीच असे नाही.

मात्र त्याने नावे बाजू विसरू देऊ नये. पॉल अनास्टस व जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या हरित रसायनशास्त्राच्या बारा तत्त्वांपैकी पहिलेच कचरा मुळात होऊ न देण्याचे आहे. ऊर्जेचेही तसेच. आपल्या बरगी धरणाच्या जलविद्युत केंद्राची क्षमता ९० मेगावॅट. त्याच धरणाने १६२ गावे बाधित झाली. वीज जमेस धरणाऱ्या विद्यार्थ्यास गावे कोठे लिहिलीस, असे विचारणारे कोणी हवे.

आपल्या बँकेच्या निवृत्त सहकाऱ्यांना म्हणूनच विनंती करतो. पाच पैशांचा फरक सापडेपर्यंत रात्री शाखेत थांबलेली माणसे आपण. आठवड्यातील एक संध्याकाळ शेजारच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीसाठी द्यावी, आणि तीत फसलेल्या दिवसाचे पान आढळल्यास ते फाडू देऊ नये.