अळीचे नाव झाडाला विचारा

उर्दू शायरीत शमा आणि परवाना यांची जोडी तुम्हांला नेहमी भेटते. या परवान्याला मराठीत पतंग म्हणतात. संक्रांतीला आपण उडवतो तोही पतंगच. पण तो कागदाचा. हा पतंग जिवंत असतो, बहुधा रात्री उडतो आणि दिव्यावर झेप घेतो. त्याच्या जळून मरण्यावर शायरांनी कितीतरी शेर लिहिले. त्याच्या बालपणाकडे मात्र फारसे कोणी वळून पाहिले नाही. पतंगाचे बालपण म्हणजे अळी. घरी तुम्ही तिला इल्ली म्हणत असाल. अंगावर केस असले, तर मराठीत तिला सुरवंट म्हणतात.

अळी दिसली, की आपण काय करतो? चप्पल उचलतो, नाहीतर औषधाची बाटली शोधतो. ‘कीड लागली’ एवढे दोन शब्द पुरे होतात. माझ्या मते हा निकाल फार घाईचा आहे. मारायचे की सोडायचे, हे ठरवण्याआधी समोर कोण आहे हे कळायला हवे. ते कळण्याची पहिली पायरी सोपी आहे. अळी कोणत्या झाडाचा पाला खाते आहे, ते पाहा.

पुष्कळ पतंगांच्या माद्या ठरावीक झाडांवरच अंडी घालतात, कारण पिल्लांना तोच पाला चालतो. रेशमाचा किडा तुम्हांला ठाऊक आहे. त्याला शहतूत, म्हणजे मराठीतली तुती लागते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागांत ढिवर समाजाची कुटुंबे टसर रेशमाच्या अळ्या पाळतात. या अळ्या ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढतात. पक्षी आणि मुंग्या यांच्यापासून त्यांची राखण करावी लागते. तिथे झाडावरची अळी ही कीड नसते. घरातली चूल तिच्यावर पेटते.

आता शाळेच्या अंगणात येऊ. तगरीचे झुडूप बहुतेक शाळांत असते. त्याची पाने कुरतडलेली दिसली आणि खाली काळसर गोळ्यांसारखी विष्ठा पडलेली दिसली, तर वर नीट शोधा. एक जाड, हिरवी, बोटाएवढी अळी सापडेल. पानाच्या रंगात ती अशी मिसळून जाते, की समोर असूनही चटकन दिसत नाही. तिच्या बाजूने पांढऱ्या ठिपक्यांची रेघ असते आणि मागच्या टोकाला लहानसे नारिंगी शिंग असते. तिला धक्का लागला, की ती डोके आत ओढते आणि डोक्यामागे दोन निळसर डोळे उघडल्यासारखे दिसतात. ते डोळे नव्हेत, नुसते ठिपके आहेत. पण भुकेल्या पक्ष्याला क्षणभर बिचकवायला तेवढे पुरते. ही अळी कण्हेर आणि सदाफुलीही खाते. कण्हेरीचा पाला शेळी किंवा गाय यांना विषारी आहे. ही अळी मात्र त्याच पाल्यावर पोसते. तिचा पतंग हिरव्या-गुलाबी नक्षीचा, मोठा देखणा असतो. मला विचाराल, तर एका पतंगासाठी तगरीची चार पाने गेली, तर ती जाऊ द्यावीत. तगर पुन्हा फुटते.

तिळाच्या शेतातही अशीच शिंगाची मोठी अळी मिळते. तिच्या अंगावर तिरके पट्टे असतात आणि शिंग खडबडीत, वळलेले असते. तिच्या पतंगाच्या पाठीवर माणसाच्या कवटीसारखी खूण असते, म्हणून लोक त्याला अपशकुनी मानतात. बिचाऱ्याचा दोष एवढाच, की तो मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरतो. या दोन्ही अळ्या एकाच घराण्यातल्या. इंग्रजीत या घराण्याला हॉक मॉथ म्हणतात. शिंगावरून घराणे कळते आणि झाडावरून अळीच्या नावापर्यंत पोहोचता येते.

पण झाडाची साक्ष प्रत्येक वेळी पुरेशी नसते. एरंड घ्या. आसामात एरंडाच्या पाल्यावर एरी रेशमाची अळी पाळतात. एरी हे नावच तिथल्या एरंडाच्या नावावरून आले आहे. आपल्याकडे त्याच पाल्याचा उंटअळी फडशा पाडते. झाड एक, पण एक अळी वस्त्र देते आणि दुसरी पीक खाते. येथे शरीर पाहावे लागते. एरीच्या अळीवर पांढरी भुकटी आणि मऊ काटे असतात. उंटअळी लांब, गुळगुळीत असते आणि चालताना पाठीला उंटासारखा बाक देते. तिच्या पोटाखालचे पुढचे पाय नीट वाढलेले नसतात, म्हणून ही चाल.

आणखी एक घोटाळा पाहा. हरभऱ्यावरची घाटेअळी तुम्ही पाहिली असेल. डोके घाट्यात आणि अर्धे अंग बाहेर, अशी ती लटकलेली दिसते. तीच तुरीवर गेली, की शेंगा पोखरणारी अळी होते, कपाशीवर हिरवी बोंडअळी आणि टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी! कीटक एक, नावे चार. शिवाय ती कधी हिरवी, कधी तपकिरी, कधी पिवळसर असते. म्हणून ‘हिरवी अळी होती’ एवढ्या वर्णनावर दुकानदाराकडून औषध घेणे म्हणजे ‘रुग्णाने पांढरा सदरा घातला होता’ असे सांगून गोळ्या मागण्यासारखे आहे.

मक्याच्या पोंग्यात अळी दिसली, तर तिच्या डोक्याकडे पाहा. कपाळावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढल्यासारखी फिकट खूण आणि शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके असले, तर ती अमेरिकेतून आलेली लष्करी अळी आहे. भारतात ती २०१८ साली प्रथम आढळली. इतकी स्पष्ट खूण असूनही ती पाहायला आपण खाली वाकत नाही, याचे मला नवल वाटते.

न ओळखता फवारण्याची सवय महाग पडते. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत शिरली, की बाहेरचे औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तरी पंप चालूच राहतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. काहींचे प्राण गेले. औषध कधीच मारू नये, असे मी म्हणत नाही. पिकावरची खरी शत्रू अळी वेळीच रोखलीच पाहिजे. पण जे औषध माणसाचाही जीव घेऊ शकते, ते नाव न विचारता वापरणे मला मान्य नाही.

अळी आणि झाड एकत्र पाहण्याची ही रीत जुनी आहे. मारिया सिबिला मेरियन या जर्मन चित्रकर्तीने १६७९ साली काढलेल्या पुस्तकात अळ्यांची चित्रे त्यांच्या खाण्याच्या झाडांसह रंगवली. टी. आर. बेल हे वनाधिकारी कारवारला राहत. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते. त्यांनी अळ्या पाळून त्या काय खातात याच्या नोंदी केल्या. स्कॉट यांच्यासह त्यांनी लिहिलेला हॉक मॉथ पतंगांवरचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला.

तुम्हांलाही हे करता येईल. मोबाइलवर अळीचे छायाचित्र काढाल, तेव्हा पानाचेही काढा. नुसत्या अळीच्या छायाचित्रावरून जाणकारही अडतो. केसाळ अळीला हात लावू नका. शेवग्याच्या खोडावर दिवसा घोळक्याने बसलेल्या सुरवंटांचे केस टोचले, तर अंगाची आग होते. तगरीवरची अळी पाळायला चांगली. मोठ्या बरणीत माती आणि वाळका पाला घाला, तोंडाला जाळीचे फडके बांधा आणि रोज तगरीचा ताजा पाला द्या. पाल्याचा चीक हाताला लागतो, तेव्हा हात धुवा. वहीत तारीख, झाडाचे नाव आणि अळीचा रंग लिहा. एके दिवशी ती खाणे सोडेल आणि तपकिरी होईल. आजारी पडली म्हणून तिला फेकू नका; ती कोष करण्याच्या तयारीत असते. साधारण दोन आठवड्यांनी पतंग बाहेर येईल. पंख वाळेपर्यंत त्याला शिवू नका. अंधार पडला, की बरणी तगरीजवळ नेऊन उघडा, आणि तेवढा वेळ अंगणातला दिवा बंद ठेवा.