खुर्चीवरची परीक्षा, जमिनीवरचे जगणे

फिजिओथेरपीचे, म्हणजेच भौतिकोपचाराचे, शिक्षण घेणारी मुले-मुली शिबिराच्या निमित्ताने आमच्या राजूरकडे येतात. ज्येष्ठांना तपासायचे म्हटले की ती प्रथम खुर्ची शोधतात. त्यात गैर काही नाही. त्यांना शिकवलेली प्रसिद्ध चाचणी खुर्चीवरूनच सुरू होते : उठायचे, तीन मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. कॅनडातील दोन संशोधिकांनी ती १९९१ साली प्रसिद्ध केली. तिला १२ सेकंद वा त्याहून अधिक लागले, तर पडण्याचा धोका आहे असे समजून पुढील तपासणी करतात. चाचणी सोपी आहे, उपयुक्त आहे आणि बिनखर्चाचीही आहे.

अडचण निराळीच आहे. अकोले तालुक्याच्या या डोंगरी भागात पुष्कळ घरांतली खुर्ची पाहुण्यांसाठी असते. आजींचा दिवस जमिनीवर जातो. चुलीपुढे बसणे, तांदूळ निवडणे, नातवंडाला मांडीवर घेणे, पंगतीत जेवणे. खुर्चीवरून दहा सेकंदांत जाऊन येणारी आजी चुलीपुढून उठताना सुनेचा हात शोधते. कागदावर मात्र ती उत्तीर्ण असते. म्हणून मी या विद्यार्थ्यांना सांगतो, आधी आजींशेजारी जमिनीवर बसा आणि त्या कशा उठतात ते पाहा. कोणता हात टेकतात? कोणता गुडघा पुढे घेतात? उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का? येत असेल तर व्यायाम तूर्त बाजूला ठेवून औषधांची पिशवी मागवावी. रक्तदाबाच्या, झोपेच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभे राहताना रक्तदाब उतरतो. तो आडवे असताना आणि उभे राहिल्यावर, असा दोन्ही वेळा मोजला पाहिजे. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज बंद करू नये.

जमिनीवरून उठण्याचीही चाचणी आहे. ब्राझीलमधील संशोधकांनी ५१ ते ८० वर्षे वयाच्या २,००२ व्यक्तींना खाली बसून उठायला लावले; हात वा गुडघा टेकला की एक गुण कमी. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. याने घाबरू नये. हात टेकल्याने कोणाचे आयुष्य घटत नाही. ताकद, तोल आणि सांध्यांची लवचिकता यांची ती एकत्रित खूण आहे, इतकेच. ही चाचणी घरी एकट्याने करून पाहू नये.

‘आता खाली बसू नका’ हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो. सांधा बदललेला असेल तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे म्हणणे अर्थातच अंतिम. फार झिजलेल्या गुडघ्यालाही सवलत हवी. परंतु सरसकट बंदी घातली, की आजी पंगतीतून उठते आणि खाटेवर जाते. मांड्यांचे स्नायू वापराअभावी क्षीण होतात, आणि काही महिन्यांनी खाटेवरून उठतानाही हात द्यावा लागतो. त्याऐवजी मधल्या पायऱ्या कराव्यात : आधी उंच स्टूल, ते जमू लागले की चौरंग, मग पाट. शेजारी भिंत किंवा भक्कम आधार हवा आणि सुरुवातीस घरचे माणूस जवळ हवे. सकाळ-संध्याकाळ चहापूर्वी पाच वेळा उठबस केली, तर वेगळा कागद लिहून देण्याची गरज राहत नाही. तसे कागद बहुधा देवघराच्या फळीवरच सापडतात!

विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट शिकावी लागते, आणि ती घरच्यांनाही लागू आहे. एका बाबांना विद्यार्थिनीने विचारले, “बाबा, तुम्हाला काय जमायला हवं?” मुलानेच उत्तर दिले, “काही नको, फक्त पडू नयेत.” ती थांबली आणि तिने पुन्हा बाबांकडेच पाहिले. बाबा म्हणाले, “आवणीला बांधावर जाऊन बसायचंय.” मग व्यायाम त्या बांधाच्या हिशेबाने ठरला : ओबडधोबड वाटेवर चालणे, बुटक्या ओट्यावर बसणे-उठणे, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात.

पडल्यानंतर उठणे हेही शिकवता येते. भौतिकोपचारतज्ज्ञ घरी आले तर ते आवर्जून मागून घ्या. कुशीवर वळायचे, कोपरावर भार घ्यायचा, रांगत खाटेपर्यंत जायचे, खाटेवर हात टेकून बळकट पाय पुढे रोवायचा आणि वळून बसायचे. घरच्यांनी काखेत हात घालून ओढू नये, खांदा दुखावतो. आणि पडल्यावर मांडीच्या सांध्यात तीव्र वेदना असेल, पाय आखूड वा बाहेर वळलेला दिसत असेल, तर हे काहीही करू नये, उभे करून पाहू नये. आहे त्याच स्थितीत पांघरूण घालावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.